सव्वा अकराचा हुकूम

आलापल्लीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत वारलू पेंदामचं दुकान आहे. टिनाच्या छपराची एक खोली, समोर बाकडं आणि वर पाटी, 'टाइपरायटर दुरुस्ती'. आता टाइपरायटर उरलेत कुठं, असं त्याला विचारायला जाऊ नका. तो आधी पाटीकडं बघतो, मग तुमच्याकडं, आणि म्हणतो, "पाटी चांगली हाये. काऊन काढू?" आत मात्र सगळे कॉम्प्युटर, पोट उघडून पडलेले. आजूबाजूच्या तीन-चार तालुक्यांतल्या कचेऱ्यांची यंत्रं त्याच्याच हातून जातात. वय पन्नाशीचं, केस पिकलेले, खिशात चार मापांचे स्क्रू ड्रायव्हर आणि गळ्यात दोरीला बांधलेला पेन ड्राइव्ह. हा माणूस बोलतो कमी. ऐकतो मात्र असा, की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं.

ऐकायची सवय त्याला टाइपरायटरनं लावली. बाप सागवानाच्या डेपोत लाकडं रचायला होता आणि पोरानंही तेच करावं असं घरात ठरून गेलेलं होतं. पण सतराव्या वर्षी वारलू चंद्रपूरला गेला आणि नथ्थूभाऊ नावाच्या मेकॅनिकच्या हाताखाली तीन वर्षं राहिला. नथ्थूभाऊ शिकवायचे कमी, शिव्या द्यायचे जास्त. तरी एक गोष्ट त्यांनी पक्की शिकवली. मशीन उघडायच्या आधी ते ज्याचं आहे त्याला पाच मिनिटं चालवू द्यायचं, आणि आपण डोळे मिटून ऐकायचं. दुखणं कुठं आहे ते कान सांगतात, हात फक्त तिथं पोचतात. तीन वर्षांनी वारलू परत आला तो सायकलच्या कॅरियरला हत्यारांची पेटी बांधून, आणि कचेरी-कचेरी फिरायला लागला.

पहिल्याच महिन्यात त्यानं घोळ घातला. मुलचेऱ्याकडं एक सरकारी कचेरी आहे. कोणती ते सांगत नाही, उगाच कुणीतरी लेखी खुलासा मागायचं. तिथं नीलाबाई बोरकुटे नावाच्या टायपिस्ट नुकत्याच लागल्या होत्या. त्यांचं मशीन साफ करताना वारलूच्या हातून मोठी स्प्रिंग निसटली, छताला लागली आणि दोन तुकडे होऊन खाली आली. आवाज ऐकून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, आतून धावत आले. कोणी तोडली म्हणून त्यांनी विचारलं. वारलूच्या तोंडचं पाणी पळालं. नीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळीच तुटली होती जी. म्हणून तर त्याले बोलावलं." बडेबाबू गेले. मग नीलाबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि जमिनीवर बसलेल्या वारलूला म्हणाल्या, "वर बस. खाली बसून मशीन दिसते काय?" कुठल्याही कचेरीत त्याला खुर्ची मिळाली ती त्या दिवशी पहिल्यांदा. हे तो कधी विसरला नाही.

पुढं कॉम्प्युटर आले आणि टायपिस्ट लोकांचे चेहरे उतरले. टाइपरायटरवर बोटं बसलेली, आणि इथं अक्षरं भलत्याच जागी. तेव्हा चंद्रपूरच्या एका टायपिंग क्लासच्या सरांनी रात्रंदिवस खपून एक छोटा प्रोग्राम बनवला. तो कॉम्प्युटरमध्ये टाकला की कीबोर्ड जुन्या मराठी टाइपरायटरसारखा चालायचा. अर्धं अक्षर तिथंच, काना तिथंच, वेलांटी तिथंच. सरांनी ना त्याला नाव दिलं, ना त्यावर स्वतःचं नाव घातलं. लोक त्याला 'सरांची पट्टी' म्हणायला लागले. वारलूनं ती आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर घेऊन चौदा कचेऱ्यांत बसवली. सर वारले त्यालाही आता बारा वर्षं झाली. पट्टी चालत राहिली, आणि नीलाबाई तिच्यावर तालुक्यात सगळ्यांत जलद टाइप करत राहिल्या.

गेल्या ऑक्टोबरात जिल्ह्यावरून सगळ्या कचेऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन अँटिव्हायरस आला. सोमवारी दुपारी शिपाई दिनेशचा फोन आला. दिनेशची नोकरी वारलूच्या धंद्याइतकीच जुनी. "वारलूभाऊ, बाईचा कॉम्प्युटर कचरा लिहून राह्यला. साहेब म्हणते व्हायरस हाये. ये बरं लवकर."

वारलूनं मोटरसायकल काढली. सागाच्या रानातला रस्ता ओलांडून तो कचेरीत पोचला तेव्हा अडीच वाजले होते. कचेरीचे प्रमुख सुनिल साहेब साताऱ्याकडचे, बत्तीस वर्षांचे, बोलणं पुस्तकातलं पण मनानं वाकडे नाहीत. त्यांनी दोन छापलेली पानं पुढं केली. "सकाळी मी बाईंना पत्र सांगितलं. दोन पानांचं. बाईंनी टाइप केलं, प्रिंट दिली, आणि हे आलं. बघा तुम्हीच."

पानांवर वरून खालपर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं, अर्थ ना बोध. त्यात के या अक्षराचा सुळसुळाट. वारलूनं एक ओळ बोटानं चाचपली आणि त्याला लगेच उमगलं. जुन्या टाइपरायटरवर जिथं काना, तिथं इंग्रजी कीबोर्डावर के. म्हणजे पट्टी मधूनच गळून पडली आणि बोटं मात्र आपली मराठीतच चालत राहिली. व्हायरस वगैरे काही नाही. नव्या अँटिव्हायरसनं सरांच्या पट्टीला उचलून कोंडून ठेवलं होतं.

इथपर्यंत सोपं होतं. पण वारलूच्या हातात दोन पानं होती. पट्टी पहिल्याच ओळीत गेली होती. पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी उमटायला लागलं तर कुणीही दुसऱ्या शब्दाला थांबेल, निदान पहिल्या परिच्छेदाला तरी. नीलाबाई दोन पानं थांबल्या नव्हत्या.

त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या आपल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, बोटं कीबोर्डावर, मान जराशी वाकडी करून. इतकी वर्षं तो त्यांना ओळखत होता, पण ही वाकडी मान नवीन होती. साहेब आत गेले. दिनेशला त्यानं चहाला पाठवलं. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून तो हळूच म्हणाला, "बाई, इथी काय लिहून हाये, वाचा बरं."

"चश्मा बदलायचा हाये रे."

"कधीपासून?"

खिडकीबाहेर कोणीतरी बकऱ्या हाकत होतं. "दोन वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरच्या डाक्टरले दाखवलं. डोळ्याचा पडदा खराब झाला म्हणे, ऑपरेशनचा काही उपेग नाई. बाजूचं दिसते. तू आला ते दिसलं, दरवाजा दिसते, पायरी दिसते. मधातच काही नाई. ज्याच्याकडं पायलं तेच जाते. अक्षर तर कुठीच नाई."

"मंग इतके दिवस?"

"साहेब बोलते, मी टाइप करतो. हातानं लिहिलेला मसुदा आला तर दिनेशले म्हणतो, अक्षर घाण हाये, तूच वाच. बोटायले डोळे लागत नाई, वारलू. तुले तं माहीत हाये." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "सात महिने राह्यले माहे. मे महिन्यात रिटायर. कोणाले सांगू नको. मले खुर्चीवर बसवून ठेवतीन. चहा पाजतीन, हात धरून नेतीन, आणि माह्या मागं च्-च् करतीन. तेवढं मले नाई पायजे."

ज्या बाईनं आपल्याला खुर्ची दिली तिला आता त्याच खुर्चीची भीती वाटत होती. तो म्हणाला, "नाई सांगत."

पण भीती खोटी नव्हती. साहेबांच्या टेबलावर जिल्ह्याचं पत्र होतं. जुन्या, विनानावाच्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या सगळ्यांनी मंजूर झालेला नवा कीबोर्ड वापरायचा. ज्यांना तो जमणार नाही त्यांची नावं शुक्रवारपर्यंत कळवायची आणि त्यांना दुसरं काम द्यायचं. साहेबांनी दुसरं कामही ठरवून ठेवलं होतं, रेकॉर्ड रूम. "बाईंना शेवटचे महिने आराम मिळेल," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. रेकॉर्ड रूममध्ये दिवसभर जुन्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या असतात. तिथं नीलाबाई एक दिवसही लपून राहिल्या नसत्या.

वारलूनं त्या दुपारी पट्टी कोंडीतून सोडवली. अँटिव्हायरसमध्ये सूट द्यायची एक जागा असते. हा आपला माणूस आहे, याला अडवू नको, असं तिथं सांगता येतं. त्यानं ते केलं, नीलाबाईंना पाच मिनिटं टाइप करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. ताल बरोबर होता. तो घरी गेला.

मंगळवारी पुन्हा फोन. पट्टी पुन्हा कोंडलेली, आणि त्यानं दिलेली सूट पुसलेली, जणू कधी दिलीच नव्हती. त्यानं पट्टी काढून नव्यानं बसवली, सूट पुन्हा दिली, कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. सगळं ठीक. दिनेश चहाचा कप ठेवत म्हणाला, "हे तं चोर सोडून संन्याशाले फाशी झालं."

वारलूला तसं वाटत नव्हतं. सरांची पट्टी बोट आणि अक्षर यांच्या मधात बसते, दाबलेली प्रत्येक की आधी ती ऐकते आणि मग तिचं मराठी करते. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम नेमकं असंच मधात बसून ऐकतात. अंगावर कुणाचं नाव नाही, कंपनी नाही, आणि दारात बसून सगळ्यांचं बोलणं ऐकतोय, अशा माणसाला चौकीदार उचलणारच. "चौकीदाराची चूक नाई," तो दिनेशला म्हणाला. "त्याले कोणी ओळख करून दिली नाई."

बुधवारी तो दहालाच येऊन बसला आणि उठलाच नाही. नथ्थूभाऊंची रीत, उघडायच्या आधी ऐक. नीलाबाई टाइप करत होत्या, तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या अँटिव्हायरसच्या ढालीच्या छोट्या चित्राकडं बघत होता. दहा, साडेदहा, अकरा. सव्वा अकराला ढाल एकदा लुकलुकली. पुढच्याच अक्षराला पडद्यावर इंग्रजी आलं. नीलाबाई टाइप करतच होत्या. त्यानं त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं तेव्हा त्या थांबल्या.

"गेलं काय?"

"गेलं. सव्वा अकरा." कालही याच सुमारास गेलं असणार, परवाही. म्हणजे बिघाड या यंत्रात नव्हता. कुणीतरी घड्याळ लावून हे करत होतं.

त्यानं जिल्ह्याला फोन लावला. तिथं अँटिव्हायरसचं काम दिव्यानी नावाची एक मुलगी बघते, मूळची सिरोंच्याकडची, फोनवर बोलताना मागं कुणाशी तरी तेलुगूत बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, तुमची सूट खालची आहे, माझा हुकूम वरचा. रोज सव्वा अकराला इथून जिल्ह्याच्या सगळ्या मशीनले एकच यादी जाते. त्या यादीत जे नाई ते पुसून जाते. तुमी शंभर वेळा सूट द्या, मी शंभर वेळा पुसतो. मी म्हणजे मी नाई, ते आपोआप होते."

"मंग तुमच्या यादीत घाला ना."

"कोणी बनवला हा प्रोग्राम?"

"एका सरांनी."

"कंपनी कोणती?"

"कंपनी नाई. सर होते. वारले."

"मंग याची हमी कोण घेईन?"

"मी घेतो. चौदा कचेऱ्यांत मीच बसवला. वीस वर्सं झाले, कोणाची एक ओळ चोरीले गेली नाई. लिहून देतो."

"फाइल पाठवा, मी तपासतो. तिच्यात काही वाईट नसन तं तुमची हमी घेतो. पण कचेरीच्या प्रमुखाच्या सहीनं कारणही लागते, की मंजूर कीबोर्ड काऊन चालत नाई. आणि भाऊ, 'सवय नाही' असं लिहू नका. तसे बहुत अर्ज आले, सगळे परत गेले."

वारलूनं फाइल लगेच पाठवली, आणि मंजूर कीबोर्डही त्याच दुपारी बसवून पाहिला. जुन्या टाइपरायटरसारखी मांडणी त्यातही होती, फक्त दहाबारा अक्षरं इकडची तिकडं. डोळस माणूस पडद्याकडं बघत बघत चार दिवसांत शिकतो. नीलाबाईंनी दोन तास झगडून पाहिलं. बोट चुकलं की नाही हेच त्यांना कळत नव्हतं. दर शब्दाला वारलूला विचारावं लागत होतं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "राहू दे." त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आता वारलू काही साधू नाही. गुरुवारी त्यानं जुगाड केला. दिनेशला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढायची, बारा वाजता पुन्हा लावायची. हुकूम येईल तेव्हा दारच बंद. आणि ते चाललं. सव्वा अकरा गेले, साडेअकरा गेले, पट्टी जागेवर. दिनेश स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातल्या दुकानातून रसगुल्ले आणले. ते पोटात उतरायच्या आत दिव्यानीचा फोन. "भाऊ, तुमचं मशीन आज हुकमाच्या वेळी गायब होतं. इथी माह्या पडद्यावर लाल दिसून राह्यलं. तीन दिवस असं झालं तं मशीनच कुलूपबंद होते, मंग माह्याही हातात काही नाई. मी सांगितलं नाई असं म्हणू नका." ती आडपडदा ठेवणारी नव्हती, आणि वारलूचा जुगाडही तिला चालणार नव्हता.

साडेपाचला कचेरी सुटली. नीलाबाई फाटकापाशी शेअर ऑटोची वाट बघत उभ्या होत्या, मान वाकडी करून रस्त्याकडं कान देऊन. वारलू जवळ गेला.

"बाई, मी काही नाई करू शकत. फाइलीत वाईट काही निघालं नाई, हमी माही चालते. पण कारण लागते, आणि खरं कारण एकच हाये. ते मी लिहिणार नाई. तुमी म्हणान तं लिहीन, नाई तं उद्या यादीत तुमचं नाव जाईन."

"तू काऊन एवढा धावून राह्यला? तीन दिवस झाले, दुकान बंद हाये तुहं."

"स्प्रिंग," तो म्हणाला.

"कोणती स्प्रिंग?"

त्याला हसू आलं. त्यांना आठवतच नव्हतं. त्यानं सांगितलं, छताला लागलेली, दोन तुकडे झालेली. नीलाबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "असन बा. मले याद नाई." ऑटो आला. चढता चढता त्या म्हणाल्या, "उद्या ये. मीच लिहितो काय लिहायचं ते. तू फक्त पट्टी चालू करून ठेव."

शुक्रवारी वारलू दहाला हजर. पट्टी जागेवर आहे हे पाहिलं, खुर्ची मागं सरकवून बसला. सव्वा अकरापर्यंत सव्वा तास होता. अर्ज काय, दहा मिनिटांचं काम. पण नीलाबाई सुरूच करेनात. त्यांनी टेबल पुसलं, दिनेशला चहा सांगितला, धानाची कापणी कुठवर आली ते विचारलं. अकरा वाजत आले. वारलूची चुळबुळ सुरू झाली.

"बाई, वेळ जाऊन राह्यला."

"किती वाजले?"

"अकराले पाच कमी."

"बस थोडा."

पुन्हा वेळ विचारून, अकरा वाजून दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी बोटं कीबोर्डावर ठेवली आणि सुरुवात केली. वारलू उठून उभाच राहिला. "बाई, आता हुकूम येते. पाच मिनिटात नाई होत."

"बोलू नको," त्या म्हणाल्या. "चुकीन मी."

त्या टाइप करत राहिल्या आणि पडद्यावर ओळी उमटत गेल्या. वारलू वाचत होता. मधेच कोपऱ्यातली ढाल लुकलुकली. पुढचं सगळं इंग्रजी झालं, के, के, के. बोटांचा ताल तिळभर बदलला नाही. आणखी चार ओळी झाल्यावर त्यांनी हात उचलले.

"बाई," वारलू म्हणाला. त्याला सांगणं जिवावर आलं होतं. "शेवटच्या ओळी गेल्या."

"गेल्या ना? बरं झालं. प्रिंट काढ."

त्यांनी पान हातात घेतलं, खाली चाचपून पेनानं सही केली आणि स्वतःच साहेबांच्या खोलीत गेल्या. वारलू मागोमाग. दिनेश दारात.

सुनिल साहेबांनी पान वाचायला घेतलं. वरचा भाग स्वच्छ मराठीत होता, एक काना इकडचा तिकडं नाही. 'महोदय, गेली दोन वर्षे मला अक्षर दिसत नाही. ही गोष्ट मी लपवली, त्याबद्दल क्षमा असावी. आपण सांगितलेले प्रत्येक पत्र मी या काळात बोटांच्या आधारे टाइप केले आहे. जुन्या कीबोर्डावर माझी बोटे चुकत नाहीत. नवा कीबोर्ड पाहून शिकावा लागतो आणि मला पाहता येत नाही, म्हणून मला जुन्याची परवानगी मिळावी. रोज सव्वा अकराला जुना कीबोर्ड बंद पडतो. तो आज कोणत्या शब्दाला बंद पडेल हे मला दिसणार नाही, ते आपण पाहावे.' त्याखाली चार ओळी नुसता कचरा, आणि त्याखाली थोडी वर चढलेली सही.

सोमवारच्या त्या दोन पानांची साहेबांना आठवण झाली असावी, कारण त्यांनी ड्रॉवर उघडून ती बाहेर काढली आणि या पानाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "बसा बाई. वारलूभाऊ, तुम्हीही बसा." आणि मग, "खाली काय लिहिलंय?"

"साहेब, ते वाचता येते," वारलू म्हणाला. "कोणतं इंग्रजी अक्षर म्हणजे आपलं कोणतं, ते मले पाठ हाये. तुमी लिहून घ्या."

साहेबांनी पेन काढलं. वारलू एकेका अक्षरावर बोट ठेवून सांगत गेला, अर्धा म, हा काना, ही दुसरी वेलांटी, आणि साहेब त्या इंग्रजी कचऱ्याखाली स्वतःच्या हातानं मराठी लिहीत गेले. चार ओळींना वीस मिनिटं लागली. नीलाबाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. दिनेश चहा घेऊन आला होता, तो तसाच निवत राहिला.

चार ओळी झाल्या तेव्हा साहेबांनी त्या मोठ्यानं वाचल्या. 'माझी सात महिने नोकरी शिल्लक आहे. ती मला बसून नको. कोणी हात धरून नेऊ नये. मला सांगावे, मी टाइप करीन.'

त्यात एकही चूक नव्हती. साहेबांनी ते दोनदा तपासलं.

मग त्यांनी नावांची यादी घेतली, नीलाबाईंच्या नावावर रेघ मारली आणि दिव्यानीला पाठवायच्या फॉर्मवर सही केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी एवढंच लिहिलं, 'सोबत अर्ज जोडला आहे, संपूर्ण वाचावा.' हमीदाराच्या रकान्यात वारलूनं आपलं नाव लिहिलं, वारलू पेंदाम, आणि पुढं, टाइपरायटर मेकॅनिक. मग साहेब नीलाबाईंना म्हणाले, "बाई, सोमवारचं दोन पानी पत्र राहिलंच आहे. परवानगी आली की सांगतो, घ्याल ना?"

"घेतो जी," नीलाबाई म्हणाल्या. डोळे त्यांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन पुसले, आणि त्यांच्या मागं कुणी गेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी परवानगी आली, आणि मंगळवारी वारलू पुन्हा तिथं होता. काम काहीच नव्हतं, उगाच आला होता. अकराच्या सुमारास सगळी कचेरी काही ना काही निमित्त काढून टायपिस्टच्या टेबलाभोवती घोटाळत होती. साहेब उभ्यानं पत्र सांगत होते, नीलाबाई टाइप करत होत्या. वारलूनं कोपऱ्यातली जुनी खुर्ची ओढली, बसला आणि डोळे मिटले.

"सव्वा अकरा," दिनेश हळूच म्हणाला.

ढाल लुकलुकली असणार. वारलूनं पाहिलं नाही. तो ऐकत होता. नीलाबाईंची बोटं थांबली नाहीत आणि त्यांना थांबवायला कुणी मनगटावर हातही ठेवला नाही. साहेब पुढचं वाक्य सांगायला लागले.